रजतचा मास्तर

नागपूर, १८ मार्च २०२५

चि. रजत,
सप्रेम जयभीम. रोशनलेही जयभीम सांग.

तू फोन उचलून नाही राहिला, म्हणून लिहिते. तुझा सिनेमा आम्ही रविवारी पाहिला. बाबांनी कळमन्याच्या बाजारातले आपल्या सोबतचे हमाल नेले होते. मागं तू रोशनसोबत जोडीदार म्हणून राहतो हे पेपरात उघड सांगितलं, तेव्हा याच लोकांमधी जाऊन बाबा म्हणाले होते, "माहा पोरगा हाय, अन् तो खोटं नाही बोलला." म्हणून त्यांले फार हौस होती.

तू मास्तर होऊन हात लचकवत पडद्यावर आला अन् टॉकीज हसली. आधी बाबाही हसले, गमतीचा सीन असन म्हणून. मंग हिरोनं तुझ्या पाठीवर हात ठेवला, तू बारीक आवाजात किंचाळला, शिट्ट्या सुरू झाल्या. बाबांच्या जोडीचे रुपरावकाका डोळे पुसत हसत होते. बाबांकडं पाहिलं अन् हसणं थांबवलं. मध्यंतरात बाबांनी सगळ्यांले समोसे खाऊ घातले, पण परत आत नाही आले.

तेव्हापासून ते कामावर गेले नाहीत. एकच विचारतात, हे रजतनं आपल्या मनानं केलं का? मी काय सांगू?

वाट पाहणारी,
भावनाताई

मुंबई, २४ मार्च

ती. ताईस,
सविनय जयभीम.

फोन उचलायची हिंमत नव्हती. त्या मुलाखतीनंतर दीड वर्ष मला कोणी काम दिलं नाही. मग हा मास्तर आला. पोरगा गमावलेल्या बाईला तो सही करायला शिकवतो, असा एक सीन होता. त्याच्यासाठी मी हो म्हटलं. शूटिंगला दिग्दर्शक म्हणाले, हात जरा सैल सोड, तुला काय शिकवायचं. सगळे हसले. काम जाईल म्हणून मी हात सैल सोडले. सहीचा सीन शेवटी कापला, आणि माझ्या तोंडी दुसऱ्याच कोणाचा बारीक आवाज घातला. तो मीही टॉकीजमध्येच ऐकला.

बाबांना सांग, आवाज माझा नव्हता. हात माझेच होते. दोन्ही सांग.

तसलेच आणखी दोन रोल आलेत. नाही म्हणून कळवलंय. पुढे काय करीन, माहीत नाही. जयंतीला घरी येऊ का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा रजत

नागपूर, २ एप्रिल

चि. रजत,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र बाबांले वाचून दाखवलं. हातांची ओळ त्यांनी परत वाचाले लावली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिथं एका जणानं पोतं उचलता उचलता तुझ्या मास्तरचा आवाज काढला. बाबांनी आपलं पोतं खाली ठेवलं अन् घरी आले. रुपरावकाका कामावर बोलवाले आले होते. त्यांले चहा पाजला, पण सोबत गेले नाहीत.

जयंतीले येऊ नको. हे बाबांनी सांगितलं, मी नाही. मी फार भांडली. मंग ते म्हणाले, "मिरवणुकीत कोणीतरी त्याले ते मास्तरचं करून दाखव म्हणन. लोकांचं मन राखाले तो करन. मले ते पाहवणार नाही."

मी म्हटलं, आता नाही करणार तो. बाबांनी विचारलं, तुले खात्री हाय का? मले लगेच हो म्हणता आलं नाही, रजत.

गर्दी सरल्यावर या, दोघंही. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
भावनाताई