‘ळ’ची शेपटी

ती. बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

कारखान्याच्या दारावर मी कागद चिकटवला: ‘जळलेली वायर बदला, मगच यंत्राला हात लावू.’ खाली सही नव्हती, कारण म्हणणं सगळ्यांचं होतं. आज साहेबांनी प्रत्येकाला तेच वाक्य लिहायला लावलं. शेजारची कुजबुजली, “डाव्या हातानं लिही गं बाई, नोकरी जाईल.”

‘ळ’ची शेपटी घोटून घेताना तुम्ही म्हणायचात, अक्षरावरून माणूस ओळखू यावा. मग मी लपू कशाला? उजव्याच हातानं लिहिलं, शेपटी चांगली लांब ओढली. खरं सांगू, मजा आली.

उद्या साहेबांनी बोलावलंय. काळजी करू नका. फक्त या पत्रातलं अक्षर नीट बघा आणि कळवा, हात कुठे थरथरलेला दिसतो का?

तुमच्याच वळणाची,
धाकटी