पणदऱ्याहून आलेलं पीठ

आई, काल दुकानात एक मुलगी आली होती. तिला घरी केक करायचा होता. "काका, एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?" मी विचारलं, "चाळून भरणार, की पिशवीतून थेट?" म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून ती हसली. मीही हसलो. पण ती गेल्यावर मला पणदऱ्याहून आलेलं ते पीठ आठवलं.

तेव्हा बारामतीत भट्टी टाकून आपल्याला वर्षही झालं नव्हतं. लोक घरचं पीठ, तूप, साखर घेऊन यायचे, आपण नानकटाई भाजून द्यायचो. माणूस पोतं आपल्या हवाली करून बाजाराला निघून जायचा. सगळा धंदा त्या भरवशावर. भट्टीवाला पीठ काढून घेतो, एवढी कुजबुज पेठेत एकदा फिरली असती, तर गावी कळसला परत जाऊन दुसऱ्याच्या रानात राबणं आलंच होतं. आणि बाजारच्या दिवशी, भरल्या अंगणात, नेमकं तेच कानावर आलं.

पणदऱ्याचा एक मामा भाचीच्या रुखवतासाठी पीठ घेऊन आलेला. घरून आठ मापटी मोजून आणलेली, तीही शीग लावून. लग्नाचं माप आपल्याकडं सपाट भरत नाहीत. बाजार करून तो परतला तेव्हा पीठ अजून पोत्यातच होतं; तो स्वतःचं मापटं काढून मोजायला बसला, तर सातवं मापटं काही भरेना. तो उभा राहतो. "भट्टी नवी हाय, पर हात जुना दिसतोय की रं!" आजूबाजूची चार माणसं हसतात. माझे कान तापतात. मी काटा पुढं ओढतो, वजनं आपटतो. तो म्हणतो, "तुझ्या काट्याला आमी वळखत न्हाय. आमचं माप हे."

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात तू आतून आलीस. हातात चाळणी, काखेत धुतलेलं धोतर.

"मामा, पीठ गाडीतनं आणलं न्हवं?"

"मग काय डोक्यावर आणतो, आक्का?"

"रस्ता कसा हाय?"

"रस्ता कसला! हाडं खिळखिळी झाली."

"तुमची हाडं हलली, मग पीठ दबल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

तू धोतर अंथरलंस आणि सगळं पीठ चाळलंस. अजिबात घाई केली नाहीस. मग म्हणालीस, "आता तुमीच भरा. मी हात लावत न्हाय." तो भरू लागला. हसणारी माणसं जवळ सरकली. मापट्यात पडणाऱ्या पिठाचा मऊ आवाज तेवढा येत होता. आठवं मापटं शिगेनं भरलं आणि धोतरावर मूठभर उरलंही. मामानं आपलं मापटं पिशवीत ठेवलं. मी काहीतरी टोचून बोलणार, तोच तू म्हणालीस, "किती वाजता न्यायला येताय? गरम नेऊ नका, मोडतंय."

आत आल्यावर मात्र मला धारेवर धरलंस. "त्येच्या घरी लगीन हाय. चार माणसांत त्येला खोटं पाडून काय भाजणार हायेस?" मी म्हणालो, चोर तर त्यानं मला म्हटलं. "म्हणला. आन् सोताच्या हातानं पुसून बी गेला. आजून काय पायजे?"

त्या दिवसापासून गिऱ्हाइकासमोर आधी चाळायचं, मग तोलायचं, अशी रीत पडली. पुढं शेर गेले, किलो आले, लोक बदलले. मापट्यात पीठ किती बसतं याला एक उत्तर नाही, हे मी कारागिरांना शिकवतो आणि ते मला हुशार समजतात.

तू गेलीस तेव्हा भट्टी चालू होती, मी कामात होतो. त्या दिवशी भट्टी तू वाचवलीस, हे तुला कधी म्हणालो नाही. गावाला असायचीस तेव्हा पत्र धाडता आलं असतं. पण तुला वाचता येत नव्हतं. कुणीतरी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. आणि आई, दुसऱ्याच्या तोंडून हे तुला ऐकवायची मला लाज वाटत होती.