कपिलीच्या गळ्यातला पट्टा

१४ ऑक्टो., मंगळ.
लेकीने, मुक्ताने, बनवलेला पट्टा आजपासून आमच्या कपिलीच्या गळ्यात. गाईला ताप आला, रवंथ थांबलं, की मोबाईलवर कळतं म्हणे. शनिवारी टेक्नॉलॉजी पार्कात दाखवायचाय. खाली कॉलेजची लॅब, वर कंपन्या, मध्ये एक जिना. मुक्ता वर्षभर खालच्या लॅबमध्येच, तो जिना चढलेली नाही. कंपनीने पट्टा घेतला तर नोकरी इथेच, संगमनेरात. नाहीतर पुणे.
सासूबाई म्हणाल्या, "लई जड केलास गं. कपिलीला इचारलंस का?"

१७ ऑक्टो., वसुबारस
गवारीची भाजी, बाजरीची भाकरी. संध्याकाळी गाय-वासराची पूजा. मुक्ता कॉलेजात. सासूबाईंनी कपिलीच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, हळदकुंकू लावलं. पट्ट्यालाही, भरभरून, वर पाणीही शिंपडलं. "गळ्यात हाय म्हंजी तिचाच झाला." मला इतकं गोड वाटलं, फोटो काढला.
मुक्ता आली तेव्हा मोबाईलवरची रेघ सपाट. चार्जिंगच्या भोकात कुंकवाचा चिखल.
"आजीला सांगू नकोस." एवढंच.

१८ ऑक्टो., शनि.
मीही गेले. मुक्ताचे सर "किरकोळ तांत्रिक बिघाड" म्हणाले. कंपनीच्या देशमुखांनी पट्टा उघडला. बोट लाल.
"हे काय?"
"कुंकू. काल वसुबारस होती," मुक्ता म्हणाली.
वाटलं, संपलं. देशमुख बोट पुसत मुक्ताच्या सरांकडे वळले.
"सर, तुमच्या लॅबमध्ये गाय आहे?"
"नाही. तुमच्याकडे?"
"नाही."
दोघं एकदम हसले. देशमुखांनी पट्टा ठेवून घेतला. हो मात्र म्हणाले नाहीत.

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळी संपली. उत्तर नाही. मुक्ता अंगणात फेऱ्या मारत मैत्रिणीशी पुण्यातल्या खोल्यांबद्दल बोलतेय. तिच्या आवाजात उगाच उत्साह.
सासूबाई: "पट्टा कुठाय?"
"दुरुस्तीला, आजी."
"बिघडला व्हय? पुजा तर चांगली केल्ती मी."

संध्याकाळी
देशमुखांचा फोन. हो-नाही काही नाही. एकच विचारलं: वर्षभरात गाईच्या गळ्याशी आणखी काय काय करता तुम्ही? मुक्ताला सांगता येईना. मलाही नाही, आणि पंचवीस वर्षं या घरात आहे मी. फोन सासूबाईंपुढे धरला.
"कोन हाय? धार काढतीय म्हनावं, थांब जरा."
"थांबतो, आजी."
मी आत येऊन हे लिहितेय. खिडकीतून गोठा दिसतो. मुक्ता फोन धरून उभी. धार कधीच संपली. सासूबाई अजून बोलतायत, स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन दाखवतायत, जसं काही फोनमधून देशमुखांना दिसतंय.