उजवा कौल

आप्पा, तुमच्यावर माझा संशय आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आहेच.

कुंभारवाड्याच्या आपल्या देवळात कौल लावायचा तो तुम्हीच. देवाच्या दगडी अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. दहावीनंतर मला बेळगावला शिकायला धाडायचं का, हेही तुम्ही देवालाच विचारलंत. आव्वा माझी आई असून नको म्हणत होती, काका तर भांडायलाच उठलेले. मी खांबाला टेकून बघतेय. उजव्या पाकळीवर तुमचं बोट जरा हलकंच टेकतंय, असं मला वाटतं. गाऱ्हाणं संपायच्या आत ती पडली आणि भांडण तिथंच मिटलं. तुम्ही तर देवाचं पडलेलं फूलसुद्धा ओलांडणारे नव्हतात! रामनगरला बसमध्ये बसवताना मी विचारलंच, तर नजर चुकवून म्हणालात, "देव बोलला न्हवं? मग गप जा की."

गेले. आणि शिकून केलं काय, तर संगणकावर तारे फोडायला लागले. मोठा तारा म्हातारा झाला की आतल्या आत कोसळतो, मग गाभ्यातून धक्का उसळतो आणि त्याच्या चिंधड्या उडतात. आकाशात उडतात, आमच्या गणितात तो मेला धक्का अर्ध्या वाटेतच अडून बसायचा. आठवडा आठवडा यंत्र चालायचं, तारा काही फुटायचा नाही. एक दिवस फुटला. ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या सरांनी पेढे वाटले. एकाएकी फुटला कसा, म्हणून मी पेढा बाजूला ठेवला. सगळं गणित उपसलं तेव्हा कळलं, गाभ्यातून येणारी उष्णता सरांनी गुपचूप वाढवून ठेवली होती. विचारलं तर हसले. "तारे फुटतात हे खरं ना? मग थोडा हात लावला तर बिघडलं कुठं?"

मला तुमचं बोट आठवलं. त्या शोधनिबंधावर मी माझं नाव घालू दिलं नाही. सर बोलायचे बंद झाले, लोक संशयी म्हणायला लागले. म्हणू देत. आजही कुणाचा तारा फुटला की मी आधी बोट शोधते.

हे पत्र टाकणार तरी कुठं? म्हणून सांगून टाकते. तुमच्यावरचा संशय तेवढा खरा निघावा, असं मला वाटतं. पाकळी देवानं पाडली असेल तर त्याचं मला काही नाही. तुम्ही पाडली असेल, तर अख्ख्या घरात एकाला तरी वाटलं होतं, ही शिकावी.