उर्सुलाबाईंच्या पानातली मिरची

बेलेन, न्यू मेक्सिको
१४ सप्टेंबर १९८६

ती. एलोइसामावशींस,
नोरीनचा सा. न. वि. वि.

लग्नात आपलं बोलणं जेमतेम झालं. पण निघताना तुम्ही माझा हात दाबून म्हणालात, की त्या घरात काही अडलं तर मला लिही. तीन महिन्यांतच अडलं.

सध्या गावभर मिरच्या भाजल्याचा वास आहे. आईंनीही पोत्याने हिरव्या मिरच्या घेतल्या. (सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी अजून हो किंवा नाही काही म्हटलेलं नाही.) सालं काढून काढून माझ्या बोटांची आग झाली, म्हणून हात बर्फाच्या पाण्यात घालून बसले, तर म्हणाल्या, कॅन्ससात मिरची नुसती चित्रात दाखवतात वाटतं. परवा मी माहेरच्या पद्धतीने बटाटे, खिमा आणि चीज घालून ट्रेभर भाजलं. दोन घास खाऊन म्हणाल्या, चांगलं आहे, ऑपरेशननंतर हेच देतात. रेमुंदो मान खाली घालून जेवत राहिला. तुमचा भाचा एरवी फार प्रेमळ आहे, पण आईपुढे त्याची जीभ उचलत नाही.

आता खरं काम सांगते. एकवीस ऑक्टोबरला संत उर्सुलेचा दिवस, म्हणजे आईंचा नामदिन. प्रुदेन्सिओकाका, म्हणजे कैलासवासी सासऱ्यांचे भाऊ, आणि काकू जेवायला येणार आहेत. मी हट्टाने म्हटलं, यंदाचा स्वयंपाक माझा. आई म्हणाल्या, कर की, मग त्या दिवशी मी उपास धरते. मावशी, त्या उपास मोडतील असं काहीतरी मला शिकवा. त्यांना काय आवडतं ते या घरात मला कुणी सांगत नाही. इथे पुष्कळ गोष्टी कुणी सांगत नाही. कपाटावर माझ्या नणंदेचा, कोरिनाताईंचा फोटो आहे, पुढे दिवा असतो. त्या कशा गेल्या म्हणून रेमुंदोला विचारलं, तर गाडीचा अपघात एवढंच म्हणून तो अंगणात निघून गेला.

मी नवखी आहे, पुष्कळ चुकेन. तरी माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
नोरीन


लास क्रूसेस
२२ सप्टेंबर १९८६

चि. सौ. नोरीन हिस,
एलोइसामावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र सलूनमध्येच वाचलं. एका बाईच्या डोक्याला रंग लावून तिला बसवलं होतं. ऑपरेशनचं वाचून मी इतकी हसले की वेळेचं भान राहिलं नाही आणि ती बाई ठरल्यापेक्षा बरीच लाल होऊन घरी गेली. तेव्हा तिचं पाप तुझ्या माथी.

पोरी, तिखट मिरचीच्या वाटेला जाऊ नकोस. ताई पन्नास वर्षं तेच करते आहे, तिथे ती तुला उभी चिरेल. तू ढोबळी मिरची कर. लाल, मोठी, बुडाशी सपाट बघून घे, म्हणजे ट्रेमध्ये उभी राहते. देठाकडची चकती टोपीसारखी कापून बाजूला ठेव आणि आतल्या बिया खरवडून टाक. खिमा कांदा-लसणावर परत, त्यात जिरं सढळ हाताने घाल. मग शिजलेला भात, काळ्या घेवड्याचे दाणे, मक्याचे दाणे आणि भाजून सोललेली थोडी हिरवी मिरची. शेवटी मूठभर चिलगोजे, कोरडे भाजून. ते विसरू नकोस, सगळी ओळख त्यांत आहे. दाबून भर, वर चीज घाल आणि टोपी जराशी तिरकी बसव, जत्रेला निघालेल्या माणसासारखी. ट्रेच्या तळाशी थोडं पाणी घालून, झाकून तासभर ओव्हनमध्ये ठेव. शेवटी झाकण काढ, म्हणजे चीजला रंग येईल.

उर्सुलाताईची ही मिरची एकदा खायची राहून गेली आहे. ती हुरहूर तिच्या मनात अजून आहे, हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते. पहिली मिरची तिलाच वाढ. आधी कुणाला काही बोलू नकोस. कुणी शिकवलं म्हणून तिने विचारलं, तर मात्र खुशाल माझं नाव घे.

मला यायला जमणार नाही, लग्नसराईमुळे डोकी फार आहेत. पण मागाहून सविस्तर लिही. कोण काय म्हणालं, ताईचा चेहरा कसा झाला, सगळं. म्हाताऱ्या मावशीला तेवढीच करमणूक.

तुझ्यावर जीव आहे तो आहेच, पत्रं मात्र थांबवू नकोस.

तुझी,
एलोइसामावशी


बेलेन
२३ ऑक्टोबर १९८६

ती. एलोइसामावशींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सविस्तर लिहायला सांगितलं होतंत, म्हणून लिहिते आहे.

मिरच्या फार छान झाल्या होत्या. एकही फाटली नाही. काका आल्या आल्या म्हणाले, वास तर झकास येतोय, सूनबाई पास. आईसुद्धा केसांना चाप लावून, नवा ब्लाउज घालून बसल्या होत्या. उपासाचं काही बोलल्या नाहीत. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

आधी काकूंच्या हातून पाण्याचा ग्लास कलंडला. काकांनी छातीवर क्रूस काढला. मला वाटलं जेवणाआधीची प्रार्थना करतायत, म्हणून मीही हात जोडले. रेमुंदो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कुणाचा तरी जीव घेतला आहे. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिली मिरची आईंना वाढली, टोपी तिरकी करून. रेमुंदो खुर्ची मागे ढकलून अंगणात गेला.

आईंनी काट्याने टोपी उचलली, आतले चिलगोजे पाहिले आणि शांतपणे विचारलं, कुणी शिकवलं. मला अजून वाटत होतं की आता त्या मला जवळ घेणार. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, एलोइसामावशींनी. त्या हं म्हणाल्या आणि खायला लागल्या. सगळी मिरची खाल्ली, सालासकट. काकू म्हणत होत्या, उर्सुला, पुरे कर. त्यांनी दुसरी मागून घेतली, तीही संपवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. घास गिळताना गळ्याची शीर तेवढी वर यायची. मग म्हणाल्या, मीठ बरोबर पडलंय. उठून स्वतःचं ताट धुतलं आणि खोलीत गेल्या.

अंगणात रेमुंदोने मला सांगितलं. या कोरिनाताईंच्या मिरच्या, तुम्हीच त्यांना शिकवलेल्या. त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी याच केल्या होत्या. आई त्यांना नाही नाही ते बोलल्या, पानाला हातसुद्धा लावला नाही. ताई रागाने गाडी घेऊन निघाल्या आणि सोकोरोच्या पुढे ट्रकखाली गेल्या. त्यानंतर या घरात ढोबळी मिरची आलेली नाही.

मावशी, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. आता आई रोज सकाळी मला विचारतात, पोस्टमनबाई, आज लास क्रूसेसहून काय आणलंत. रेमुंदो दिवाणखान्यात झोपतो. मला ठाऊक नव्हतं हे त्याला पटतं, पण म्हणतो, तुला बघितलं की तो ट्रे दिसतो.

तुमचं नि माझं काय वैर होतं, तेवढं कळवण्याची कृपा व्हावी.

नोरीन


लास क्रूसेस
३० ऑक्टोबर १९८६

ती. उर्सुलाताईस,
एलोइसाचा सा. न. वि. वि.

मीठ बरोबर पडलं होतं ना, बरं झालं. कोरिनाच्या हातचंही बरोबरच असायचं. दफनाला मी आले तेव्हा तो ट्रे ओव्हनमध्ये तसाच होता, तुझ्या वाटणीची मिरची सुकून काळी पडलेली. मीच तो रिकामा केला आणि घासला. त्या दिवसापासून मनात होतं की ती मिरची तुला खायला घालीन.

लेक दिवसभर राबून वाढते आणि आई म्हणते, हे अमेरिकनांचं खेळण्यातलं जेवण माझ्यापुढे नको. असल्या घरात ती किती दिवस टिकणार होती. ती माझ्याकडे येत होती, ताई. मी तिची खोली रंगवली होती, सलूनच्या पाटीवर तिचं नाव घालायला दिलं होतं. माझ्याकडे राहायला येताना ती गेली, हे एकच मला आजवर पुरलं आहे. तुझ्याकडे तेवढंही नाही.

नोरीनला थोडं सोसावं लागलं. तुझ्या घरात तेवढं कुणालाही सोसावं लागतं.

लहान आहे म्हणून क्षमा मागायची पद्धत आहे. ती यावेळी पाळत नाही.

एलोइसा


बेलेन
६ नोव्हेंबर १९८६

चि. एलोइसास,
उर्सुलाचे अ. आ.

गुडघे दुखतात, बाकी ठीक. प्रुदेन्सिओला मोतीबिंदू निघाला. तुझं पत्र पोचलं.

मी तिला बोलले ते खरं आहे. खेळण्यातलं जेवण म्हटलं, ते खरं आहे. जा म्हटलं, तेही खरं आहे. सकाळी डोळे उघडले की पहिलं मला ते ऐकू येतं, तेव्हा त्यासाठी तुझ्या मिरचीची गरज नव्हती.

आता तू खोली रंगवलीस त्याबद्दल. कोरिनाला आल्बुकर्कला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. तुला ती आधी हो म्हणून बसली होती. त्या संध्याकाळी तिने तुझ्या मिरच्या केल्या त्या मला मऊ करायला. म्हणाली, आई, मला मावशीकडे जायचं नाही, तूच तिला लिही. मी म्हटलं, फोन कर. तर म्हणाली, मावशी फोनवर रडते, मग मला नाही म्हणता येत नाही. तिच्या घरात मला श्वास घेता येत नाही, ती माझ्याकडे सारखी बघत बसते. मला राग आला. हो तू म्हणायचं आणि नाही मी सांगायचं. म्हटलं, तुझ्या मावशीचं हे कौतुक माझ्यापुढे नको, ऊठ आणि जाऊन तोंडावर सांगून ये. ती उठली.

ती तुझ्याकडे राहायला येत नव्हती, एलोइसा. ती तुला नाही म्हणायला येत होती. तिच्या गाडीत बॅग नव्हती. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

तुझा वाटा आजवर माझ्यापाशी ठेवला होता. नामदिनाच्या आहेराची परतफेड म्हणून तो पाठवते आहे. सांभाळून वापर.

तुझी थोरली बहीण,
उर्सुला


लास क्रूसेस
११ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. नोरीन हिस,
अ. आ.

तुझ्या सासूने मला जे लिहिलं आहे, ते रागाच्या भरात लिहिलं असणार. ती पहिल्यापासून तशीच. तू एवढंच कर, त्या संध्याकाळी कोरिना काय म्हणाली ते रेमुंदोला विचार. तो तेव्हा घरात होता. आल्बुकर्कचं काही होतं का, एवढंच विचार. मी सलून बंद ठेवलं आहे. पोरी, लवकर लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

वाट बघणारी,
एलोइसामावशी


बेलेन
१९ नोव्हेंबर १९८६

ती. एलोइसामावशींस,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत, म्हणून रेमुंदोला विचारलं. मी कशी आहे हे तुम्ही याही पत्रात विचारलं नाहीत. असो.

खरं आहे. तो टेबलावरच होता. आल्बुकर्कच्या शाळेचं पत्र कोरिनाताईंनी त्याला आधीच दाखवलं होतं. श्वास घेता येत नाही, हेही त्या म्हणाल्या, त्याच शब्दांत. आणखी एक म्हणाल्या होत्या, ते आईंनी तुम्हाला लिहिलेलं नाही. मी ते लिहू का म्हणून रेमुंदोला विचारलं. तो म्हणाला, एवढं झालंय तर लिही. त्या म्हणाल्या होत्या, मावशीला स्वतःचं कुणी नाही म्हणून मी का जन्मभर तिच्या आरशापुढे उभं राहू.

दफनाच्या दिवशी तुम्ही लोकांना सांगत होतात की ती माझ्याकडेच निघाली होती. तेव्हा आईंनी रेमुंदोला बाजूला नेऊन शपथ घातली, की यातलं अवाक्षर मावशीच्या कानावर जाता कामा नये. तिला एवढं तरी राहू दे, असं म्हणाल्या होत्या.

पुढच्या महिन्यात मी माझ्या आईकडे जाते आहे. रेमुंदो मागून येईन म्हणतो. येईल असं मला वाटत नाही.

हे लिहीत असताना आई स्वयंपाकघरात आल्या. काय लिहिलंस म्हणाल्या. मी म्हटलं, विचारलं ते. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, आरशाच्या ओळीपाशी थोडा वेळ थांबल्या. मला वाटलं, फाडतील. त्यांनी ते घडी घालून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा बाहेर काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, खाली लिही, उर्सुलाने वाचलं आहे, बरोबर आहे.

उर्सुलाने वाचलं आहे. बरोबर आहे.

नोरीन