भात्याजवळचे स्टूल

मी, खाली सही करणारा, धंद्याने लोहार, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मेहुण्याने शंका काढू नये म्हणून तो मुद्दाम घेतला. यापूर्वी मी असे कोणतेही पत्र केलेले नाही.

एक. राहते घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि माळा, माझ्या पश्चात पत्नीचे व तिच्यानंतर मुलीचे. बँकेतली शिल्लक दोघींनी वाटून घ्यावी. भांडण करण्याइतकी ती नाही.

दोन. ऐरण, घण व सगळ्या सांडशा मुलीला. ती नर्स आहे, तिला त्यांचा उपयोग नाही हे मला कळते. विकायच्या तर खुशाल विकाव्यात, पण भंगारवाल्याला वजनावर देऊ नयेत. ते मला मेल्यावरही सहन होणार नाही.

तीन. हवेचा ब्लोअर माझ्या पश्चात मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाला. त्यानेच तो माझ्या गळ्यात मारला. “दाजी, बटण दाबा आणि मोकळे व्हा,” म्हणाला. मी खरोखरच मोकळा झालो.

जोडणीची हकीकत इथेच लिहितो, कारण गडबड तिथेच झाली. शेडमधली भट्टी मी ट्रकच्या ब्रेक-ड्रमची घरीच केलेली आहे. तळाला लोखंडी पाइप, पाइपाला कातडी भाता, आणि भात्याजवळ बुटक्या स्टुलावर पत्नी. लग्नानंतर ती जी तिथे बसली ती बसलीच. ब्लोअर आल्यावर मी भाता सोडवला. ब्लोअरचे प्लास्टिकचे तोंड आचेने वितळू नये म्हणून मध्ये हातभर लोखंडी नळी घातली आणि सांधा पत्र्याच्या पट्टीने आवळला. काम चोख झाले. फक्त ब्लोअर ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मी तिचे स्टूल उचलून अंगणात ठेवले आणि त्या जागी ब्लोअर मांडला.

ती चहा घेऊन आली आणि इकडेतिकडे बघू लागली. “माझं स्टूल कुठाय?”

“बाहेर. सुटलीस बघ तू! आता बटणावर चालतं सगळं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. स्टूल उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. त्या दिवसापासून तिने शेडचा उंबरा ओलांडलेला नाही. चहासुद्धा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवते.

तिचा खांदा दुखत असे, हे खरे आहे. तिच्यासाठीच ब्लोअर घेतला, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. तिला एका शब्दानेही विचारले नाही, हे मात्र कोणाला सांगत नाही.

चार. कोळशाच्या पोत्यांमागे जळक्या लोखंडाचा ढीग सापडेल. तो माझाच प्रताप आहे. मी सांडशीकडे हात नेला की ती भाता आपोआप हळू करायची, बोलावे लागत नसे. ब्लोअर एकाच सुरात फुंकत राहतो, आणि मी वळेपर्यंत लोखंडातून ठिणग्या फुटलेल्या असतात. ठिणग्या फुटल्या की तो तुकडा वाया गेला. नळीत हवा कमी-जास्त करायला पत्र्याची झडप बसवून पाहिली. झडप उत्तम चालते, पण ती सरकवायला तिसरा हात लागतो. तो हात पलीकडे भाजी निवडत असतो आणि मला हाक मारायची लाज वाटते. रोज वाटते.

पाच. <s>म्हणून भट्टी, शेड आणि भाता माझ्या पश्चात पत्नीला. भाता माळ्यावर आहे. कातडे कडक होऊ नये म्हणून मी त्याला तिच्या नकळत तेल लावत असतो. तिचे स्टूल भात्याजवळ ठेवावे, तिथून पुन्हा कोणी हलवू नये.</s>

वरील कलम खोडण्याचे कारण : हे पत्र शिंपीबुवा व गिरणीवाले या साक्षीदारांना शेडमध्ये वाचून दाखवत असताना पत्नी दाराबाहेर चहाचे कप घेऊन उभी होती. ती तिथूनच म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी भाता ओढू, तो कोणासाठी? ऐरणीवर कोण उभं राहणार?”

शिंपीबुवांनी छताकडे पाहिले. गिरणीवाले म्हणाले, “वहिनींचं चुकत नाही काही.”

“खोडा ते,” ती म्हणाली. “द्यायचं तर आत्ता द्या.”

“आणि खांद्याचं काय?” मी विचारले.

“हे तेव्हा विचारायचं होतं. दुखेल तेव्हा सांगेन मी.”

सबब पाचवे कलम रद्द. भट्टी, शेड आणि भाता आजच दिले. तिसऱ्या कलमातले ‘माझ्या पश्चात’ हे शब्दही रद्द समजावेत. मेहुण्याने ब्लोअर उद्याच येऊन उचलावा.

ठिकाण : शेड, ऐरणीजवळ
दिनांक : ७ डिसेंबर

लिहून ठेवणार : लोहार (सही)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी (सही) २. कोपऱ्यावरचे गिरणीवाले (सही)

टीप : सहीजवळचा काळा डाग ही खाडाखोड नव्हे. कागद पत्नीने धरला होता, आणि तिच्या हाताला कोळसा लागलेला होता.