कणगीमागची काठी

अहो,

मी रोह्याला लेकीकडे, सुरभीकडे चाललेय, तुम्ही झोपलेले म्हणून उठवलं नाय. वरण-भात झाकून ठेवलाय.

काल तुम्ही परत शेताच्या बांधावरून चाललात नि आज गुडघा सुजलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालायला सांगितलं होतं, तेही काठी घेऊन. पण रस्त्यावर कंपनीतले जुने सोबती भेटतात, त्यांना काठी दिसायला नको. बांधावर पाय घसरला तर उचलायला कोण हाय तिथं?

सूज उतरेपर्यंत चालणं बंद. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा नि हळू खाली ठेवा. दुखलं की थांबा. दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला, असं नसतं.

भाताच्या कणगीमागे लपवलेली काठी सापडली. दाराशी ठेवलीय, तिथंच राहू दे.

येताना मी दुसरी आणीन. सुरभी आज मला डॉक्टरांकडे नेणार हाय. वर्षभर मी भिंत धरून उठतेय, तुम्ही एकदाही विचारलं नाय.

सरू